बाळंतपणात गेलेला हंगाम मोजा: विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे माननीय कुलगुरू, विद्या परिषदांचे सदस्य आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात राहते, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आणि एका लहान मुलीची आई आहे. या पत्राचे निमित्त एक परिपत्रक आहे. आमच्या संशोधन केंद्राने अलीकडेच काढलेल्या या परिपत्रकानुसार नोंदणीला सहा वर्षे पूर्ण होत असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने शुल्क भरून पुनर्नोंदणी करावयाची आहे, आणि या सहा वर्षांच्या हिशेबातून प्रसूती रजेचा काळ वजा केला जाणार नाही. कार्यालयात विचारणा केली तेव्हा, महिलांना दोन वर्षांची सवलत आहेच, रजा त्यातच धरावी, असे तोंडी उत्तर मिळाले. केंद्राचे नाव मी येथे घेत नाही. इतर ठिकाणी संशोधन करणाऱ्या मैत्रिणींचा अनुभव वेगळा नाही, आणि मला एका कार्यालयाशी भांडण करायचे नसून एक पद्धत बदलून घ्यायची आहे. ती बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, आजवर दिलेल्या अर्जांवर लेखी उत्तर मिळालेले नाही.

प्रथम नियमाबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.विषयक नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाली. तिच्यानुसार कोर्सवर्क धरून किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना तसेच चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते, मात्र प्रवेशापासूनचा एकूण काळ दहा वर्षांच्या पुढे जाता कामा नये. याशिवाय संशोधक विद्यार्थिनीला संपूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजा देता येते. मुदतवाढ आणि रजा या दोन वेगळ्या तरतुदी आहेत. मूल असो वा नसो, मुदतवाढ प्रत्येक विद्यार्थिनीसाठी आहे; रजा मात्र केवळ जिला मूल झाले तिच्यासाठी आहे. रजा मुदतवाढीतून कापून घेतली, तर ज्या स्त्रीने मूल जन्माला घातले तिला इतर विद्यार्थिनींपेक्षा कमी मुदत मिळते. नियम करणाऱ्यांचा हेतू असा असेल हे मला मान्य होत नाही.

रजा देण्याची मुभा नियमाने दिली आहे, बंधन घातलेले नाही, आणि सारी अडचण तेथूनच सुरू होते. माझा अर्ज मार्गदर्शकांकडून विभागप्रमुखांकडे, तेथून कार्यालयाकडे आणि तेथून पुन्हा मार्गदर्शकांकडे आला. तोवर प्रसूती होऊन गेली होती. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावे लागते. रजेवर असताना मला त्यासाठी बोलावण्यात आले, मी गेले, आणि त्या सत्रात प्रत्यक्ष काम झालेले नसल्यामुळे माझ्या नावापुढे प्रगती असमाधानकारक असल्याचा शेरा पडला. हा शेरा निरुपद्रवी नसतो. समितीने सुचवलेली सुधारणा झाली नाही, तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते. ज्या काळात काम करू नये म्हणून रजा दिली, त्याच काळात काम झाले नाही म्हणून दोष द्यावा, यातला अन्याय आपल्यासारख्या विद्वानांना अधिक उलगडून सांगण्याची गरज नसावी.

आता माझ्या विषयाबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण दिवसांचा हिशेब किती अपुरा पडतो हे त्यावरूनच कळेल. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी आणि गगनबावडा या तालुक्यांतील देवराया व सडे, म्हणजे डोंगरमाथ्यांवरची खडकाळ पठारे, हे माझे अभ्यासक्षेत्र आहे. राधानगरी अभयारण्याचा समावेश २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटात होतो, हे आपण जाणताच. जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यामुळे तेथील बहुतेक लहान वनस्पतींचा जीवनक्रम पावसाच्या जोरावर काही आठवड्यांत आटोपतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, गेंद, सीतेची आसवे, तेरड्याच्या जाती आणि कंदीलपुष्पे फुलावर येतात. फूल हाती आल्याशिवाय यांतील अनेकांची जात निश्चित करता येत नाही. नुसत्या पानावरून केलेली ओळख प्रबंधात टिकत नाही. म्हणून एखादीचे बाळंतपण श्रावण-भाद्रपदात आले, तर कागदावर तिचे काही महिने जातात, प्रत्यक्षात मात्र पुढचा पावसाळा येईपर्यंत तिचे वर्ष जाते. भात-नाचणीच्या वाणांवर किंवा किडींवर काम करणाऱ्या संशोधिकांचीही हीच स्थिती असते. क्षेत्रकार्यावर उभ्या असलेल्या विषयांत वेळ हंगामांनी मोजला पाहिजे, ही माझी पहिली तक्रार आहे आणि तिच्यावर माझा सर्वांत अधिक भर आहे.

प्रयोगशाळेविषयीची तक्रार थोडक्यात पण गांभीर्याने मांडते. वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाचा वापर होतो, आणि फुले टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन वापरले जाते. पाऱ्याची संयुगे विषारी आहेत, आणि पारा गर्भापर्यंत तसेच आईच्या दुधापर्यंत पोहोचू शकतो. गरोदर आणि स्तनदा संशोधिकांनी कोणते काम करू नये, ते काम त्यांच्या वतीने कोणी करावे, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था काय असावी, याविषयीची लेखी सूचना मी आमच्या विभागात मागितली, तेव्हा अशी सूचना अस्तित्वातच नाही असे कळले. नमुने उणे २० अंशांवर गोठवून कीड मारण्याची पद्धत उपलब्ध आहे. त्यासाठी एक चांगला फ्रीजर आणि अखंड वीज लागते, आणि हा खर्च संशोधन केंद्राच्या आवाक्याबाहेरचा खचित नाही.

यानंतर ज्या मुद्द्यावर आम्हा मुलींना सर्वाधिक ऐकून घ्यावे लागते, त्या परंपरेकडे वळते. मुलाखतीत विचारले जाते की लग्न झाले आहे का, मूल कधी होणार आहे, सासरच्यांची संमती आहे का. एका बैठकीत मला विचारण्यात आले की तुम्हाला सण हवेत की पदवी. मला दोन्ही हवे आहेत, आणि हे दोन्ही मागताना मला कोणताही संकोच वाटत नाही.

भाद्रपदात आमच्या घरी गौरी येतात. कोल्हापूरच्या आसपास पुष्कळ घरांत ही गौर तेरड्याच्या रोपांची असते. लेकीसुना ती पाणवठ्यावरून गाणी म्हणत घरी आणतात, पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतात, दुसऱ्या दिवशी पूजन होते आणि तिसऱ्या दिवशी तिचे विसर्जन होते. ज्या तेरड्याच्या कुळातील जाती मी सड्यावर नोंदवते, त्याच कुळातले रोप माझ्या घरात देवी होऊन येते, आणि दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात घडतात. माझे लग्न झाल्यावर पहिल्या गौरीला कामाची ओढाताण झाली, तेव्हा घरात आम्ही बसून बोललो. नैवेद्याचा स्वयंपाक नवऱ्याने आणि दिराने वाटून घेतला, आरास जावेने घेतली, आणि मी आवाहनाला हजर राहून दुसऱ्या दिवशी पहाटे गगनबावड्याला गेले. सासूबाईंना हे सुरुवातीला रुचले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनीच आधी माझ्या सर्वेक्षणाच्या तारखा विचारून घेतल्या. जुन्या वळणाचे म्हणून ज्या घरांकडे बोट दाखवले जाते, त्यांतले एक घर दोन सणांत बदलले. म्हणून कौटुंबिक जबाबदाऱ्यांचे कारण पुढे करून कोणी माझी कुवत मोजू लागले, की मला ते मनापासून लागते.

परंपरेतले सगळेच मी स्वीकारते असे नाही. विटाळाच्या कल्पनेला माझा विरोध आहे, काही देवरायांत बायकांना मज्जाव आहे त्यालाही आहे, आणि तो मी घरात व गावांत बोलून दाखवला आहे. पण बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू द्यायचा नाही, तिला शेक द्यायचा, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू करून घालायचे, पहिलटकरणीला माहेरी न्यायचे, या रीतींच्या मुळाशी बाळंतपण हे शरीरावरचे मोठे संकट असते आणि त्यानंतर माणसांचा आधार लागतो ही जाण आहे. आमच्या आज्या-पणज्यांना जे कळत होते, ते आजच्या विद्यापीठीय नियमांत उतरलेले नाही. या बाबतीत आपल्या संस्था परंपरेच्या पुढे गेलेल्या नसून मागे राहिल्या आहेत, असे माझे ठाम मत आहे.

मातृत्वाने माझ्या संशोधनातून काही हिरावून घेतले तसे त्यात भरही घातली, आणि त्याची नोंद कोणत्याही प्रगती अहवालात करता येत नाही. मुलगी वर्षाची झाल्यावर सासूबाईंना बरोबर घेऊन मी शाहूवाडी तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवर जाऊ लागले. पूर्वी मी एकटी वही घेऊन जात असे, तेव्हा तिथल्या वयस्कर बायका झाडांची नावे सांगत आणि गप्प होत. कडेवरचे मूल पाहिल्यावर त्याच बायकांनी बाळाला गुटी काय घालतेस इथून सुरुवात केली, आणि वेखंड, मुरुडशेंग, बाळंतशेपा, शतावरी यांच्याविषयी बोलू लागल्या. कोणती मुळी कोणत्या ऋतूत काढायची, देवराईतून काहीही न्यायचे नाही हा दंडक असताना बाळंतिणीसाठी कोणती सूट मानली जाते, हे त्यांनी सासूबाईंना सांगितले आणि मी ते लिहून घेतले. या उपायांचा खरा गुण किती आणि अपाय किती हे शास्त्राने तपासावेच लागेल. पण तपासण्यासाठी ते आधी नोंदले गेले पाहिजे, आणि ज्यांच्याजवळ हे ज्ञान आहे त्या बायकांची पिढी वयाने थकत चालली आहे. आई झालेली संशोधिका वाटेत गळून पडते, तेव्हा एका मुलीची पदवी जाते आणि तिच्याबरोबर अशी माहितीही जाते.

पाळणाघराविषयी. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची केली, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक करून आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. संशोधक विद्यार्थिनी कर्मचारी नसल्यामुळे यांतले काहीच तिला आपोआप लागू होत नाही. हजेरी मात्र तिने कर्मचाऱ्याप्रमाणे द्यायची. एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. आमच्या केंद्राच्या इमारतीत मात्र अंगावर पाजण्यासाठी दार लावता येईल अशी खोली नाही, आणि मी रिकाम्या भांडारगृहात बसून मुलीला पाजलेले आहे.

ज्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, त्यांना १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. माझ्यासारख्या ज्यांना ती नाही, त्या तासिका तत्त्वावर शिकवून शुल्क आणि प्रवासाचा खर्च भागवतात. तासिका तत्त्वावर तास झाला तर मानधन मिळते. बाळंतपणात तास होत नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेमणूक होईलच याची शाश्वती नसते. त्यात पुनर्नोंदणीचे शुल्क आले म्हणजे कित्येक घरांत संशोधन थांबवण्याचा निर्णय शांतपणे घेतला जातो आणि आपल्या दप्तरात त्याची नोंद वैयक्तिक कारण अशी होते.

ज्या शहरातून हे लिहीत आहे, त्या शहराचा इतिहास या बाबतीत आपल्याला आधार देणारा आहे. आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी १८८६ साली घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले होते आणि ते काही दिवसांतच गेले होते. अशा आईने आपल्याच परंपरेतील बाळंतपणाचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातील, स्त्रीविभागासाठी त्यांची नेमणूक केली. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ते काम पुढे जाऊ शकले नाही, तरी संस्थानाने दार उघडले होते. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवली. रखमाबाईंच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाल्या आणि कोल्हापुरात त्यांनी रुग्णसेवा केली. महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचे १९१८ साली अपघाती निधन झाल्यावर विधवा सून इंदुमतीदेवी यांच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी स्वतः लक्ष घालून केली आणि त्यासाठी राजघराण्यातील रोष पत्करला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढताना मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडही त्यांनी ठेवला होता. नियम मोडला तर परिणाम व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती. आमच्यासाठी केलेल्या नियमांत नेमकी हीच उणीव आहे.

न्यायालयांचीही भूमिका स्पष्ट होत आहे. एम.एड. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रसूती रजेमुळे हजेरीत सवलत नाकारली गेली, तेव्हा २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणाचा हक्क आणि मातृत्वाचा हक्क यांपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती स्त्रीवर करता येणार नाही, असे म्हटले. प्रत्येक मुलीला न्यायालयात जाणे परवडत नाही, आणि तिने जावे लागू नये यासाठीच विद्या परिषद असते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली, २४० दिवसांची रजा प्रत्येक विद्यापीठाने आपल्या अध्यादेशात हक्क म्हणून नमूद करावी. अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत लेखी निर्णय द्यावा, आणि तो न दिल्यास रजा मंजूर झाली असे मानावे.

दुसरी, सहा वर्षांची मुदत मोजताना घेतलेली रजा तिच्यात धरू नये आणि महिलांसाठीच्या दोन वर्षांच्या सवलतीला तिने धक्का लावू नये. क्षेत्रकार्याच्या विषयांत रजेमुळे हंगाम हुकला असेल, तर समितीच्या शिफारशीने त्या हंगामापुरती वाढ विनाशुल्क द्यावी. जिचे काम एकूण दहा वर्षांच्या आत पुरे होते, तिच्या बाबतीत हे बसवता येते. त्यासाठी आयोगाच्या नियमाला बाधा येत नाही.

तिसरी, रजेच्या सत्रात सादरीकरण घेऊ नये, आणि यापूर्वी अशा सत्रांत दिलेले असमाधानकारक प्रगतीचे शेरे काढून टाकावेत.

चौथी, प्रत्येक प्रयोगशाळेत गरोदर व स्तनदा संशोधिकांसाठी लेखी सुरक्षा सूचना लावाव्यात आणि पाऱ्याच्या संयुगांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करावा.

पाचवी, परिसरात पाळणाघर असल्यास ते संशोधक विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी, म्हणजे बाप झालेल्या विद्यार्थ्यांच्या मुलांसाठीही, खुले करावे. नसल्यास निदान एक स्वच्छ, आतून कडी असलेली खोली आणि पाण्याची सोय येत्या सत्रापूर्वी करावी.

सहावी, प्रवेशाच्या मुलाखतीत आणि सल्लागार समितीच्या बैठकीत विवाह, गर्भधारणा व कौटुंबिक संमती यांविषयीचे प्रश्न विचारण्यास लेखी मनाई करावी. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जाणाऱ्या विद्यार्थिनीला आपली संशोधन सामग्री नव्या संस्थेत नेण्याची जी तरतूद आयोगाने केलेली आहे, ती मुलींना प्रवेशाच्या वेळीच सांगावी.

सातवी, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या संशोधिकेची नेमणूक बाळंतपणाच्या कारणाने खंडित करू नये, आणि तिच्या पुनर्नोंदणीचे शुल्क माफ करावे.

यांतील एकाही मागणीत आम्ही प्रबंधाचा दर्जा कमी करण्यास सांगितलेले नाही. परीक्षकांनी आमचे नमुने, आमची निरीक्षणे आणि आमचे निष्कर्ष इतरांइतकेच कठोरपणे तपासावेत. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. पुनर्नोंदणीचे परिपत्रक स्थगित करून त्याजागी काढलेल्या सुधारित परिपत्रकाच्या रूपाने ते सर्वांना मिळावे, आणि तसे ते विद्या परिषदेच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावे, ही नम्र विनंती.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी
कोल्हापूर